आपण नव्हे, आम्ही

मेलबर्नमधल्या आमच्या रस्त्याच्या एका टोकाजवळचा एक प्लॉट बरीच वर्षं रिकामा पडून आहे. दोन्ही बाजूंना नीटनेटकी घरं आणि मधे हे भगदाड, पडलेल्या दातासारखं. मी कवळ्या बनवायचं काम करतो, त्यामुळे मला सुचणाऱ्या उपमा बहुतेक जबड्यातल्याच असतात. घरच्यांनी त्यांना हसणं केव्हाच सोडून दिलंय.

कुंपणाच्या जाळीतून आत बघितलं की गुडघाभर गवत दिसतं, पिवळ्या रानफुलांचे ताटवे दिसतात, कुणीतरी आणून टाकलेली सुपरमार्केटची ट्रॉली दिसते, आणि या सगळ्याच्या मधोमध कपडे वाळत घालायची फिरती दांडी. कापड उडून गेलेल्या छत्रीसारखी. बाकी सगळं पाडलं, ट्रकमध्ये भरून नेलं, हीच तेवढी कशी राहिली कोण जाणे. दक्षिणेकडून गार वारा सुटला की ती स्वतःशीच फिरते आणि कर्रकन एका जागी अडते. कुठे अडणार हे मला डोळे मिटूनही सांगता येतं. ओली जीन्स तिथे घालायची नाही, असा आमचा कायदाच होता.

लॉकडाऊनमध्ये दिवसातून एक तास बाहेर पडायची मुभा होती. लोक त्या तासात पळायचे, सायकली चालवायचे, कुत्र्यांना इतकं फिरवायचे की कुत्री दमून बसायची. मी मास्क लावून या जाळीपर्यंत चालत यायचो आणि उभा राहायचो. बायको म्हणायची, "व्यायाम करून आलास का?" मी म्हणायचो, "हो." उभं राहण्याचेही थोडे कष्ट पडतातच.

इथे आठ फ्लॅटांची एक बुटकी, विटांची बिल्डिंग होती. चार नंबरात आम्ही पाचजण. बेडरूम दोन, फ्रिजचं दार दोरीने बांधलेलं, आणि कार्पेट असं की त्याचा मूळ रंग कोणता यावर पैजा लागायच्या. त्या कार्पेटचा ओलसर वास, गॅस-हीटर पेटला की जळणाऱ्या धुळीचा वास, आणि त्यावर कुणाच्यातरी करपलेल्या फोडणीचा. हिवाळ्यात खिडक्या उघडायची सोय नव्हती, त्यामुळे आम्ही युनिव्हर्सिटीच्या लेक्चर हॉलमध्ये मोहरी-हिंगासकट बसायचो. आजूबाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहायच्या. पाय पसरायला बरं पडायचं.

रात्रंदिवस रेल्वे फाटकाची टिंगटिंग चालू असायची. तेव्हा ट्रेन जमिनीवरून जात होती. फाटक पडलं की हॉस्पिटलकडे निघालेली ॲम्ब्युलन्ससुद्धा अडकून राहायची, आणि आम्ही पाचजण हातातला घास हातात ठेवून ते फाटक उघडायची वाट बघायचो. आता ट्रेन पुलावरून जाते. टिंगटिंग गेली. चांगलंच झालं, पण कान अजून अधूनमधून ती शोधतात.

हा फ्लॅट मिळायच्या आधी आम्ही घरं किती बघितली, विचारू नका. शनिवारी सकाळी इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत उभं राहायचं, एजंटने हसून हात मिळवायचा, फॉर्मवर आमची पाच आडनावं वाचायची आणि सोमवारी फोन, "सॉरी मेट, इट्स गॉन." पुढचे तीन आठवडे त्याच घराची पाटी तिथेच. ही बिल्डिंग एका ग्रीक म्हाताऱ्याची होती. त्याला नावं विचारायची सवय नव्हती. त्याने आमच्याकडे बोट करत "वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह" असं मोजलं आणि किल्ली दिली.

शेजारी तीन नंबरात अचोल राहायची. ती आमच्या आयुष्यात आली ती माझ्या भाकरीमुळे.

मी सोलापूरचा. ज्वारीच्या भाकरीशिवाय पोट भरलंय असं वाटतच नाही, आणि घरी असताना पोळपाटाला कधी हात लावलेला नाही. तर एका रविवारी आईला फोन लावून, स्पीकरवर ठेवून, मी ओट्यावर भाकरी थापत होतो. आई तिकडून ओरडत होती, "अरे थाप की जोरात! कुणाला दुखणार आहे?" मी थापत होतो. धप् धप् धप्. तेवढ्यात दारावर त्याहून मोठी धप्धप्. दारात एक खूप उंच बाई, कडेवर एक मुलगी, दुसरीने तिचा झगा पकडलेला.

"इथे कोण कुणाला मारतंय?" तिने विचारलं. पोलिसांना फोन करायच्या तयारीनेच आली होती.

मी पिठाचे हात वर केले. ओट्यापाशी नेऊन दाखवलं. तिने तो प्रकार बराच वेळ निरखला. एका बाजूने जाड, एका बाजूने फाटलेला, टास्मानिया तुटून पडलेल्या ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखा.

"हे काय आहे?"

"भाकरी."

"मग हिला नक्कीच कुणीतरी मारलंय," ती म्हणाली, आणि डब्यातलं चिमूटभर पीठ उचलून तिने नाकाशी नेलं. तिचा चेहरा बदलला. "ज्वारी?" म्हणजे ती 'ज्वारी' म्हणाली नाही, तिच्या भाषेतलं काहीतरी म्हणाली, पण ती ज्वारीच म्हणाली हे मला कळलं. दक्षिण सुदानमध्ये तिच्या गावीही तेच पीठ. त्याआधी कितीतरी वर्षं केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत तिने ते नुसतं रांगेत मिळेल तेवढंच पाहिलेलं. मेलबर्नच्या इंडियन दुकानात ते पोत्याने मिळतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर पीठ एकत्र यायला लागलं. ती ते दोन दिवस आंबवून त्याचे पातळ, कागदासारखे किसरे करायची. आपल्या घावनाचे लांबचे नातेवाईक. तो आंबूस वास भिंतीतून झिरपत आमच्याकडे यायचा आणि मागोमाग तिची हाक, "बॉइज!" आम्ही ताटल्या घेऊन धावायचो. मुलींना आम्ही आळीपाळीने सांभाळायचो. ती हॉस्पिटलात साफसफाईच्या शिफ्टला जायची. धाकटी माझ्या पायावर झोपायची आणि माझा पाय तिच्याआधी झोपायचा.

दोन मुलींना एक खोली पुरेना, म्हणून तिने मोठं घर शोधायला घेतलं. फोनवर तिचा आवाज ऐकला की घर गेलेलं असायचं. मग तिने मला फोन करायला बसवलं. मी खर्जात, ब्रिटिश सिनेमातल्या बटलरसारखा बोललो. घर होतं! बघायला कधी येता? नाव काय आपलं? मी नाव सांगितलं. मग घर गेलं.

अचोल हसून हसून ओट्याला टेकली. "तुला निदान आडनावापर्यंत तरी जाऊ देतात," ती म्हणाली.

मग तो ग्रीक म्हातारा वारला. पुढचं सगळं पत्रांतून झालं, जागा विकली, फ्लॅट खाली करा. आमच्यातले चौघे सिडनीला गेले, त्यातला एक तिथल्या केलीव्हिलला, तिथे त्याचं आता एवढं मोठं घर आहे की बायकोला फोन करून खाली बोलावतो. मी मात्र इथेच राहिलो. कायम राहायचा पीआर, लग्न, मुलगी, आणि याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला घर. बिल्डिंग पाडली त्या दिवशी पुढची भिंत आधी गेली आणि आमचा ओटा एक अख्खा दिवस रस्त्यावरून उघडा दिसत होता. मागच्या टाइल्सवर हळदीचा डाग. लोक बघत जात होते. मला कुणीतरी बाथरूमचं दार उघडल्यासारखं झालं.

अचोल फिरत राहिली. डँडेनाँग, नोबल पार्क, पुन्हा डँडेनाँग. मालकाला घर विकायचं असतं, मालकाच्या मुलाला राहायचं असतं, भाडं वाढतं. माझ्या फोनमध्ये तिच्या नावाखाली सात पत्ते आहेत. मुली शाळा बदलत मोठ्या झाल्या. ती कामाला मात्र इथे क्लेटनलाच, आमच्या जवळच्या त्याच हॉस्पिटलात, येत राहिली.

आणि मग ती साथ आली.

पहिल्या हिवाळ्यात प्लॉटच्या जाळीला एक पिवळा कागद लागला. एक संस्था इथे तीन मजली बिल्डिंग बांधणार होती. कमी पगाराच्या, जवळपास काम करणाऱ्या लोकांसाठी, कमी भाड्याची घरं. कुणाचा आक्षेप असल्यास कौन्सिलला कळवावं. मी तो वाचला आणि पुढे गेलो. खरं सांगायचं तर वाचता वाचता माझा चष्मा मास्कमुळे धुरकटला होता, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं.

त्याच आठवड्यात कॉलिन आला. कॉलिन आमच्या समोर राहतो. अकरा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे कचऱ्याचे डबे बाहेर काढताना भुवया उंचावणे. तो आमच्या फाटकाशी उभा होता, मास्क लावून, हातात झाडाच्या लिंबांची पिशवी. बायकोने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, कुणी गेलं का त्यांच्याकडचं?"

लिंबं त्याने फाटकावर ठेवली. मग काखेतला पॅड काढला, त्यावर सह्यांचा कागद. "वुई हॅव टु स्टिक टुगेदर, मेट," तो म्हणाला. "वुई डोन्ट वॉन्ट अवर स्ट्रीट गोइंग बॅक टु व्हॉट इट वॉज."

आता इथे एक व्याकरणाचा मुद्दा आहे, आणि माझी सगळी बदमाशी त्यात लपवायचा माझा प्रयत्न आहे, हे आधीच कबूल करतो. इंग्रजीत 'वुई' एकच. आपल्याकडे दोन आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर उभा असतो. माझी लेक ईरा हे दर रविवारी ऑनलाइन मराठी शाळेत चुकते. "बाबा, आम्ही जेवूया," म्हणते. मी सांगतो, "अगं, आपण जेवूया. मला उपाशी ठेवणार आहेस का?" ती विचारते, "But how do you know who's in it?" मी म्हणतो, "कळतं."

कॉलिन 'वुई' म्हणाला आणि माझ्या डोक्यात ते थेट 'आपण' होऊन उतरलं. आपण. आपला रस्ता. अकरा वर्षांनी! घरात कोंडलेले दिवस, कुणी दारात येत नाही, आणि हा माणूस लिंबं घेऊन मला आत घ्यायला आलाय. मी खालचा मजकूर वाचला नाही. त्याने पेनावर सॅनिटायझर मारून पेन पुढे केलं आणि मी सही केली. वर कंसात पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. आडनाव मावेना, तर शेवटची अक्षरं समासात चढवली.

त्या संध्याकाळी मी लिंबाचं लोणचं घालायला घेतलं. शिट्टी वाजवत होतो म्हणे. बायको सांगते.

चारएक दिवसांनी अचोलचा फोन आला. तिचा आवाज मी एवढा वरच्या पट्टीत कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"तो प्लॉट! आपला प्लॉट! तिथे बांधतायत, माहीत आहे? माझं नाव यादीत वर आहे. मी हॉस्पिटलला चालत जाईन. धाकटीची शेवटची दोन वर्षं एकाच शाळेत होतील. तू ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो.

"आणि तुझ्या रस्त्यावर! बॉइजपैकी तूच उरलायस, पण चालेल. किसरा करीन, हाक मारीन. ऐकू येईल का एवढ्या लांब?"

"येईल," मी म्हणालो.

फोन ठेवून मी कौन्सिलच्या वेबसाइटवर तो आक्षेप उघडला. दोन पानी होता. ट्रॅफिक होतं, सावली होती, पार्किंग होतं. आणि दुसऱ्या पानावर होतं की पूर्वी त्या जागी असलेल्या फ्लॅटांमुळे रस्त्याला फार त्रास झाला. एकेका घरात पाच-पाच माणसं. सतत येणारे-जाणारे. दिवसभर बाहेर लोंबणारे कपडे. स्वयंपाकाचे उग्र वास. भिंतींवर कसले कसले ठोके. ते सगळं गेल्यापासून वुई पुन्हा शांतपणे राहू लागलो आहोत.

मी ते तीनदा वाचलं. पाच माणसांतला एक मी होतो. लोंबणारी जीन्स माझी होती. ठोके माझ्या भाकरीचे होते. मी स्वतःच्या विरुद्ध सही केली होती, समासापर्यंत.

बायकोला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "नाव मागे घेता येतं. एक ईमेल टाक."

"टाकतो."

"आत्ता टाक."

"अगं, टाकतो म्हटलं ना."

ईमेल लिहिला. चार ओळींचा. रोज उघडायचो, एखादा स्वल्पविराम बदलायचो. कारण सकाळी डबे बाहेर काढताना कॉलिन आता हात हलवायचा. "मॉर्निंग, मेट!" म्हणायचा. एकदा ईराला बघून म्हणाला, "शीज शूटिंग अप!" घरात बसून बसून माणूस इतका हलका होतो की समोरच्याच्या एका हातवाऱ्यानेही जमिनीला टेकल्यासारखं वाटतं. हे मी समजावून सांगत नाहीये, नुसतं सांगतोय. बायको पहिले काही दिवस विचारायची, "टाकलास?" मग तिने विचारणं बंद केलं. तिचं विचारणं बंद होणं मला तेव्हा बरं वाटलं, यावरून काय ते समजा.

तो मसुदा अजून ड्राफ्ट्समध्ये आहे. स्वल्पविराम सगळे बरोबर आहेत.

पुढे काय झालं ते मला नीट माहीत नाही. मीटिंगा ऑनलाइन झाल्या, कुणीतरी मजला कमी करा म्हणालं, संस्थेचे पैसे दुसरीकडे वळले. दुसऱ्या हिवाळ्यात पिवळा कागद पावसाने पांढरा झाला आणि एक दिवस जाळीवर नव्हताच. कॉलिन हात हलवण्यावरून हळूहळू पुन्हा भुवया उंचावण्यावर आला. त्याचं काम झालं होतं. त्यात त्याचा काही दोष नाही. तो पहिल्यापासून 'आम्ही'च म्हणत होता. भाषांतर माझं चुकलं.

आणि मग अचोलचा पुन्हा फोन. राहत्या घराचा मालक घर विकत होता. जवळपास काही मिळालं नाही. मिळालं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मेल्टनच्याही पुढे. "शनिवारी येशील का सामान हलवायला?" लॉकडाऊनमध्येही घर बदलायला परवानगी होती. पोलिसांनी अडवलं तर मी सामानवाला आहे असं सांगायचं ठरलं.

तिच्या दारात खोके रचलेले. मुली, माझ्या पायावर झोपणारी धाकटीसुद्धा, आता माझ्याहून उंच, कानात इअरफोन घालून बश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी आणि अचोलने गादी उचलून गाडीच्या टपावर चढवली. दोरी एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकायची, ओढायची, गाठ मारायची. गादीच्या पलीकडे ती, अलीकडे मी. चेहरा दिसत नव्हता, म्हणून असेल, मी बोललो.

"अचोल, त्या प्लॉटच्या कागदावर... वुई साइन्ड."

दोरी माझ्याकडे यायची होती, ती आली नाही.

"वुई कोण?" तिने विचारलं.

"मी."

"माहीत आहे," ती पलीकडून म्हणाली. "यादीवाल्या बाईने आक्षेप दाखवला होता. तेवढं लांब आडनाव त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाचं आहे?"

म्हणजे वर्षभर तिला माहीत होतं. मधे ख्रिसमसला तिने मला मेसेज केला होता. ईराच्या वाढदिवसाला व्हिडिओवर गाणं म्हटलं होतं.

"मग मला कशाला बोलावलंस?"

दोरी टपावरून सपकन माझ्या अंगावर आली. "तुझ्या गाडीला कॅरियर आहे," ती म्हणाली. "ओढ."

मी ओढली.

रिकाम्या फ्रीवेवर आम्ही दोन गाड्या एकामागे एक चाललो होतो. सगळी पेट्रोल-स्टेशनं ओस. टपावरची गादी वाऱ्याने फडफडत होती, धप् धप्. मी रेडिओ लावला, बंद केला. शहर संपलं, मग पुन्हा थोडं सुरू झालं. नवी कोरी घरं, झाडं अजून काठीला बांधलेली, एक दुकान नाही की माणूस नाही. इथून हॉस्पिटलला पोचायला तिला पहाटे किती वाजता उठावं लागेल, याचा हिशेब मी सुरू केला आणि सोडून दिला.

खोके उतरवले. गादी उतरवली. सगळं व्हरांड्यात नेऊन ठेवलं. मुलींनी एकेक आत ओढलं. शेवटी तिने ज्वारीच्या पिठाची बरणी स्वतः उचलली. मी दारापर्यंत गेलो. आतून नव्या रंगाचा वास येत होता. पाणी प्यायलं असतं तर बरं वाटलं असतं. चाळीस जिने चढल्यासारखा मी धापा टाकत उभा होतो, आणि मास्कमधून ते अर्थातच फार कळत नव्हतं.

अचोल उंबऱ्याच्या आत उभी राहिली. दार तिने एका हाताने धरलं होतं.

"घरात पाहुणे अलाउड नाहीयेत," ती म्हणाली.

तसा नियम होता. खरंच होता, रोज टीव्हीवर सांगत होते. मी म्हणालो, "नो वरीज," आणि गाडीकडे वळलो.

तो नियम उठून आता बरेच महिने झाले.